अमडापूरची शिष्टाई

आता काय सांगू, माझी अब्रू आज मीच काढतो. तुम्ही चहा प्या. हसू आलं तर हसा.

माझा चुलतभाऊ सखाराम आणि त्याचा मेहुणा किसन यांचं बोलणं बंद होतं. कारण काय? एका पंगतीत किसनला मानाचा पाट मिळाला नाही! पुढे सखारामच्या गिरजाचं लग्न ठरलं. पोरगी म्हणाली, "मामा मांग उभा नसन तं मी पाटावर उभी राहत नाही." लग्नच अडलं.

किसनची समजूत काढायला मला साखरखेर्ड्याहून अमडापूरला धाडलं. मी कमी बोलतो ना!

शिष्टाई मला कोणी शिकवायची? नागपूरकडचा साहेब दौऱ्यावर येई, तेव्हा मी पाहिलं होतं. कोणाच्या घरात शिरत नाही, कोणाचं पाणी घेत नाही, तोंड घट्ट. म्हणूनच त्याचं वजन. मीही तसंच ठरवलं.

किसनच्या म्हाताऱ्या आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको."

"आत तं या, पाव्हणे!"

"आत येता येत नाही."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे उंबऱ्याबाहेर उभं राहून पाणी कोण नाकारतं? मयताचा निरोप आणणारा! एवढं मला कळू नये?

"माही लेक बरी हाय ना?"

"किसनशीच बोलीन."

किसन शेतातून धावत आला. मी शब्द तोलून म्हणालो, "झालं ते झालं. मनात काही ठेवू नका. गाडी जुंपा."

म्हातारीनं हंबरडा फोडला आणि ती कोसळली. गल्ली गोळा झाली. किसन भिंतीला डोकं टेकून रडत होता, "दाजी गेले हो! भांडण तसंच ठेवून गेले!"

"अहो, कोणी मेलं नाही! गिरजाचं लग्न आहे!" मी ओरडलो.

किसननं माझ्या कानाखाली एक ठेवून दिली. मग डोळे पुसले. "दाजी जिते हायेत ना? बास. चला."

म्हातारी शुद्धीवर आली. मामा पाटामागे उभा राहिला. मी मांडवात छाती काढून फिरलो.

पुढचं पीक घरात यायच्या आत सखाराम गेला. खरंच गेला. निरोप घेऊन पुन्हा मीच.

उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. पाणी नाकारलं. आतून किसन हसत आला. "या पाव्हणे! आता कोणाचं लगन काढलं? काऊन उभे बाहेर? आज पाणी पेल्याबिगर बोलूच देत नाही तुमाले."

त्यानं तांब्या हातात दिला.

सखाराम गेला. दोनच शब्द होते. कमी बोलणाऱ्याच्या तोंडून तेही निघेनात.

मी पाणी प्यालो.