उत्तनच्या उधाणात रक्तदान

मिरा-भाईंदरच्या लघुउद्योजक संघटनेचे अध्यक्ष तात्याराव यांची दोन गोष्टींवर गाढ श्रद्धा आहे : रक्तदान आणि रविवार. मराठवाड्यातून आले तेव्हा ते भाईंदरच्या एका कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचे. आज त्यांच्या स्वतःच्या कारखान्यात बादल्या बनतात, आणि त्यांत अध्यक्षांचा चेहरा स्वच्छ दिसतो. मधल्या काळात बायको सरोजा बाळंतपणात अडली, तेव्हा कुणा अनोळखी माणसांच्या रक्तावर ती वाचली. ती माणसं कोण, हे कधी कळलं नाही. त्यामुळे तात्याराव सगळ्या शहराशीच अदबीने वागतात.

संघटनेचं रक्तदान शिबिर दरवर्षी एसी हॉलमध्ये व्हायचं. यंदा त्यांनी ते उत्तनच्या किनाऱ्यावर न्यायचं ठरवलं. चिटणीस अभिनव, प्लास्टिकच्या झाकणांचा तरुण कारखानदार, म्हणाला, "तात्या, तिकडे कोण येणार? गाडी रिकामी परतली तर पुढच्या वर्षी पुन्हा हॉल. बोला, मंजूर?"

"मंजूर."

रविवारी मांडव, डॉक्टर, रक्तपेढीची गाडी, सगळं वेळेवर हजर झालं. रक्तदाते सोडून. किनाऱ्यावर रांगेत फक्त बोंबील होते, काठ्यांवर वाळत घातलेले.

तेवढ्यात इनेझबाय आली. उत्तनला तिचा बर्फाचा कारखाना आहे आणि तीही संघटनेची सभासद. तारीख ठरली तेव्हा ती वसईला भाचीच्या लग्नात अडकल्यामुळे तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने रिकाम्या खाटांकडे पाहिलं.

"तात्या, तारीख कोणाला विचारून काढली?"

"रविवार आहे, बाय. सगळे घरी असतात."

"कालच पौर्णिमा झाली, उधाण आहे. पाण्याला ओढ असते तेव्हाच आमची जाळी भरतात. आठवड्याने ओढ मंदावली की पुरुष घरी सापडतात. दर्याला रविवार नसतो."

तात्यारावांनी समुद्राकडे प्रथमच संशयाने पाहिलं. अभिनव फोनमध्ये हॉलवाल्याचा नंबर शोधू लागला.

इनेझने वायरलेसवरून होड्यांचा म्होरक्या लुईस तांडेल याला गाठलं आणि रक्तदानाचं सांगितलं. होडीवरून खरखरत आवाज आला, "निघालोच हाव. म्हावरा मोप हाय." डॉक्टर सूर्यास्तापर्यंत थांबायला तयार झाले. मग अख्खी कार्यकारिणी पाण्याशी उभी राहून क्षितिज तपासू लागली. पहिल्या होडीचं निशाण दिसलं तसे तात्याराव "आले, आले" म्हणत बुटांसकट पाण्यात गेले.

ओहोटी होती. होड्या गुडघाभर पाण्यातच थांबल्या. लुईस उतरला आणि बाही वर करतच मांडवात शिरला.

"रगत का न्हाय देनार? घे."

"आधी पोटभर खा," डॉक्टर म्हणाले. "आणि नंतर आज जड उचलायचं नाही."

लुईसने बाही खाली केली. "मंग टोपल्या कोन उतरवील? म्हावरा काय चालत येल?"

मागचे खलाशीही थबकले. सूर्य खाली चालला होता, गाडी रिकामी होती आणि अभिनवच्या फोनवर हॉलवाला "हॅलो, हॅलो" करत होता.

तात्यारावांनी बूट काढले. सत्कारासाठी आणलेली शाल पिळून चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि होडीकडे चालू लागले. त्यांच्या मागून पातेलीवाले निघाले, पंखेवाले निघाले. अभिनवने फोन खिशात टाकला आणि पँट दुमडली.

मग किनाऱ्यावर एकच धांदल उडाली. खाटेवर आडवा पडून लुईस हुकूम सोडत होता : "ओ झाकनवाले, टोपली सरल धर. बोंबील परत दर्यात चाललाय." मासे निवडणाऱ्या बायका हसून बेजार झाल्या. कुणाच्या खिशात कोळंबी गेली, कुणाचा चष्मा चिखलात गेला. अध्यक्ष प्रत्येक खेपेला मांडवात डोकावून विचारत, "किती झाल्या?" शेवटी डॉक्टरांकडच्या पिशव्याच संपल्या.

गाडी भरून गेली. अभिनव शर्टाचा वास घेत म्हणाला, "हॉल राहू दे. आता तो आपल्याला आत घ्यायचा नाही."

"पुढच्या वेळी तारीख मी काढते," इनेझ म्हणाली. "उधाण टाळून."

लुईस कोपरावरचा कापूस काढून टाकत उठला. "अजिबात न्हाय. उधानालाच ये, तात्या. हमाल चांगले हायेत."