सुगडात गोठवलेलं गाजर

संक्रांतीला तीर्थपुरीहून जालन्यात धाकट्या भावाकडे गेलो, तेव्हा मळ्यातली पिशवीभर गाजरं सोबत नेली होती. भाऊ शाळेत विज्ञान शिकवतो. गाजरांची माती बघून त्यानं पिशवी बाल्कनीत ठेवायला लावली आणि फ्रीजरमधून गाजराच्या तुकड्यांचं पाकीट काढलं.

मंग नवराबायकोची जुंपली. कच्चं खाल्लं तर क जीवनसत्त्व टिकतं, असं भावाचं म्हणणं. तेलात शिजवलं तर अ जीवनसत्त्व अंगी लागतं, असं भावजयीचं. दोघांचंही बराबर होतं, पण पुरावा शोधायला मोबाइलमध्ये घातलेलं डोकं कुणी वर काढीना. मी पाकीट उलटं करून मोठ्यानं वाचून दाखवलं. कारखान्यात हे तुकडे उकळत्या पाण्यातून काढून मगच गोठवतात, असं बारीक अक्षरात छापलं होतं. म्हणजे आमचे मास्तर रोज सकाळी कच्चं म्हणून जे चघळत होते, त्याला आधीच उकळी लागलेली होती.

"दादा, तुला यातलं कळत न्हाई," तो म्हणाला.

भावजयीनं ववशाच्या सुगडांतही तेच तुकडे भरले. पूजेच्या वेळेपर्यंत ते वितळले, आतले तीळ-हरभरे भिजले आणि मातीच्या सुगडांखालचा पाट ओला झाला. तिनं तो पदरानं पुसला आणि फोटो काढला.

निघताना माझी पिशवी बाल्कनीत तशीच होती. ती मी खाली वॉचमनच्या शेळीपुढं रिकामी केली. त्या अख्ख्या इमारतीत कच्चं गाजर खाणारी तेवढी एकच होती.