विहीणबाईंच्या डोक्यावर आदम आणि ईव्ह

सभासद क्रमांक २१४. नाव: सौ. सुमित्रा देवदत्त पारखे. वास्तव्य: शुगर लँड, टेक्सास. व्यवसाय: लागू नाही. विशेष कौशल्य: निरंक. कार्यक्रमांतील उपयुक्तता: पोळ्या, आठ दिवसांची पूर्वसूचना दिल्यास.

मराठी मंडळाच्या सूचीसाठी हा फॉर्म यजमानांनी भरला होता. देवदत्तरावांनी तीस वर्षं जमिनीखालच्या पाइपलाइनी तपासल्या. आपल्याच गॅरेजमध्ये काय चाललंय याचा मात्र त्यांना पत्ता नव्हता. तिकडे कुंड्या होतात, अशी त्यांची समजूत होती.

कम्युनिटी सेंटरमध्ये योगाच्या वर्गात जागा नव्हती म्हणून सुमित्राबाई चार वर्षांपूर्वी शेजारच्या खोलीत, मातीच्या वर्गात शिरल्या. तिथे युलालिया शिकवायची, सगळे तिला मानाने डोन्या म्हणत. सत्तरीची, मेक्सिकोतल्या इसूकारची, कुंभाराच्या घरातली. तिच्या गावी मातीची शमादानं, झाडासारखे दिवे, करतात. तळाशी धुपाची वाटी, वर फांद्या, फांद्यांवर तारेने डोलणारी पानं आणि पक्षी, मधोमध आदम, ईव्ह आणि साप. लग्नात धर्माचे आईबाप ते पेटवून नवरानवरीच्या हाती देतात.

"तुमच्याकडे आधीपासून आदम-ईव्ह?" बाईंनी विचारलं होतं.

"आदम-ईव्ह पाद्र्यांनी आणले," युलालिया म्हणाली. "धूप आमचाच होता. त्यांना वाटलं त्यांनी आम्हाला बदललं. आम्ही त्यांना फांदीवर बसवलं."

इतका सोयीस्कर धर्मइतिहास बाईंनी कुठे ऐकला नव्हता. त्या राहिल्या.

पहिली दोन शमादानं भट्टीत फुटली. तिसऱ्यातल्या ईव्हला बाईंनी पोलकं घातलं, तेव्हा युलालियाने ते नखाने खरवडून काढलं. "स्वर्गात शिंपी नव्हता." चौथं सहीसलामत निघालं. अकरा पौंड, सहा फांद्या, सव्वीस पक्षी. युलालियाने ते चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं फर्निचर आहे."

"म्हणजे?"

"कुणाच्या लग्नात पेटलं की शमादान. तोवर खुर्ची-टेबलातच जमा."

तेव्हापासून ते वॉशिंग मशीनवर उभं होतं, आणि कपडे धुताना बाई दर वेळी त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होत्या.

ऑगस्टमध्ये धाकट्या बहिणीच्या, आसावरीच्या, मुलीचं लग्न निघालं. नवरामुलगा मिनेसोटातल्या ईडन प्रेरीचा. लग्नाच्या आदल्या दिवशी आसावरी गॅरेजमध्ये आली ती रडवेली होऊन.

"ताई, झाल चपटी झाली!"

झाल म्हणजे वेळूची टोपली. तिच्यात कणकेचे दिवे लावून मुलीकडचे ती व्याह्यांच्या डोक्यावर धरतात: आमची लेक आता तुमच्या पदरात. आसावरीने पुण्याहून मुद्दाम मागवलेली झाल बॅगेत प्रेशर कुकरखाली आली होती.

"वेळूच्या टोपलीला कुकर भारी पडायचाच," बाई म्हणाल्या आणि वॉशिंग मशीनकडे बोट दाखवलं. "हे घे."

"यार ताई, यावर उघडी माणसं आहेत!"

"जगातलं पहिलं जोडपं आहे. लग्नात आणखी कोण हवंय?"

लग्न लावणारे अवधूत गुरुजी पाच दिवस तेलकंपनीत आणि दोन दिवस सोवळ्यात. त्यांनी फोटो पाहून विचारलं, "दिवे बसतात ना? वजन किती?" दिवे बसत होते. वजन ऐकून ते म्हणाले, "डोक्याला टेकवू नका. तेवढं कॅन्सल करू."

बाईंनी युलालियाला आमंत्रण दिलं. ती काळा झगा घालून पहिल्या रांगेत बसली, परीक्षक बसतात तशी. बाईंच्या हातांना लग्नात प्रथमच घाम फुटला. स्वतःच्या लग्नात तो फुटला नव्हता.

कणकेचे सहा दिवे सहा फांद्यांवर लागले, तळाच्या वाटीत धूप. एका बाजूने आसावरी, दुसऱ्या बाजूने बाई, आणि मधे खुर्चीवर विहीणबाई सुहासिनी. त्यांच्या अंबाड्याला इतका स्प्रे होता, की गुरुजींनी मंत्राआधी "जरा वर, अजून वर" असं म्हणून घेतलं.

विहीणबाईंनी मान न हलवता डोळे वर केले. "हा साप कुणाचा?"

"नाग आहे," बाई म्हणाल्या. "घर राखतो."

"आणि या दोघांचे कपडे?"

"तेव्हा लागत नव्हते."

विहीणबाई यावर काही बोलणार, एवढ्यात आसावरीला रडू कोसळलं. लेक देण्याची ही घटका, तिचे हात थरथरले, पानं खुळखुळली आणि वरच्या फांदीवरचा एक निळा पक्षी तारेसकट निसटून थेट विहीणबाईंच्या मांडीवर, पदरात पडला.

बाईंना चार वर्षं एका क्षणात फुटल्यासारखी वाटली. त्यांनी युलालियाकडे पाहिलंच नाही.

विहीणबाईंनी पक्षी उचलला. उलटापालटा करून पाहिला. मग पदराची ओटी करून तिच्यात ठेवला आणि आसावरीचा हात धरला.

"ओटीत आलंय," त्या म्हणाल्या. "आता परत मागायचं नाही हं. पक्षीही नाही आणि मुलगीही नाही."

"शुभ, शुभ!" गुरुजी घाईने म्हणाले, कारण हे कुठल्याच पोथीत नव्हतं. आसावरी रडता रडता हसली, आणि मुलगी मांडवातूनच ओरडली, "आई, हात स्टेडी ठेव!"

जेवणाच्या रांगेत युलालिया बाईंच्या मागे येऊन उभी राहिली. तिने आधी जिलबी वाढून घेतली.

"त्यांना वाटतंय देवाने पाडला," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"तार बारीक होती. पुढच्या वेळी जाड घे." मग जिलबी मोडत म्हणाली, "शमादान आहे ते."

मंडळाची नवी सूची दिवाळीत आली. सभासद क्रमांक २१४, विशेष कौशल्य: निरंक. सप्टेंबरपासून युलालियाचा मंगळवारचा मातीचा वर्ग सुमित्राबाई घेतात. जागा शिल्लक नाही.