पाणी पाजलेला पंप

पत्र टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. चारच ओळी. ‘पंपाच्या जुळणीत माझ्याकडून निष्काळजीपणा झाला. कंपनी जी कारवाई करेल ती मला मान्य राहील.’ खाली मारोतीभाऊंचं नाव, सहीसाठी जागा, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मला कोणी विचारलंही नव्हतं.

मारोतीभाऊ आमचे सगळ्यात जुने फिटर. वडनेरचे. सव्वीस वर्षं सकाळच्या एसटीने कामावर येणारा माणूस, निवृत्तीला सात महिने राहिलेले. काम संपलं की पाने पुसून, ओळीत मांडून मगच हात धुणार. त्यांच्या नावापुढे निष्काळजीपणा हा शब्द वाचून माझं डोकंच फिरलं. पत्र घेऊन मी सरळ भोयर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. भोयर साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर.

“हे काय आहे, साहेब?”

“बसा ना मॅडम. जहाजवाल्यांचा मेल वाचला ना? ट्रायलला आपल्या पंपाने पाणी उचललं नाही. कोणीतरी जबाबदार पाहिजे.”

“चौकशी कधी झाली?”

“चौकशी काय करायची त्यात? पंप बांधला कोणी? मारोतीने. बात खतम. त्यांचाच दुसरा पंप चार वाजता ट्रकवर चढतो. त्याआधी हे पत्र त्यांना पाठवलं की ते दुसरा अडवणार नाहीत.”

“आणि मारोतीभाऊंचं काय?”

“त्याचे राहिलेच किती महिने? घरी बसेल. त्याला काय फरक पडतो?”

‘त्याला काय फरक पडतो.’ आजही हे वाक्य आठवलं की माझ्या कानशिलाची शीर उडते. मी म्हटलं, चार वाजेपर्यंत वेळ आहे, तोपर्यंत या पत्रावर कोणाची सही होणार नाही. ते हसले. “जैसी तुमची मर्जी,” म्हणाले.

हिंगणघाटजवळच्या कारखान्यात जहाजाचे पंप बनतात हे ऐकून लोक गंमत समजतात. आमच्या अर्ध्या कामगारांनी समुद्र पाहिलेला नाही. मी मूळची गिरडची. मेकॅनिकल इंजिनिअर झाले, अकरा वर्षं जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, आईच्या आजारपणात परत आले आणि इथे टेस्टिंगला लागले. जहाज पुढे ढकलणारं मोठं इंजिन बहुतेक वेळा एकच असतं. बाकी जे काही फिरतं, म्हणजे जनरेटर, कॉम्प्रेसर, तेल साफ करणारी यंत्रं, नाना तऱ्हेचे पंप, त्या सगळ्याला ऑक्झिलरी मशिनरी म्हणतात. ऑक्झिलरी म्हणजे मदतीला असलेली. ऐकायला दुय्यम वाटतं.

त्यातलाच एक इमर्जन्सी फायर पंप. आग विझवायचे मुख्य पंप इंजिन रूममध्ये असतात. पण आग इंजिन रूममध्येच लागली तर? म्हणून आणखी एक पंप दुसरीकडे लांब बसवतात. तो वर्षानुवर्षं उभा असतो, आणि एखाद्या दिवशी त्याच्याशिवाय कोणीच नसतं.

तो दिवस मी पाहिला आहे. तेव्हा मी थर्ड इंजिनिअर होते. तेलाचा पाइप फुटून आग लागली. जिन्याच्या तोंडाशी आम्ही दोघं होज धरून उभे, धूर अंगावर येतोय, आणि हातातला होज रिकाम्या पोत्यासारखा लोंबतोय. वरून कोणीतरी ओरडलं, पंप सुरू केला. तरी पाणी नाही. ते अर्धं मिनिट मी माझ्या आईला हाका मारल्या, खोटं का बोलू. मग होज फुगून टणक झाला. त्या पंपाजवळ त्या वेळी कोणी बादली घेऊन उभं नव्हतं.

बादली का म्हणते ते सांगते. पंपाला पाणी ढकलता येतं, हवा ओढता येत नाही. शेतातला पंप सुरू करायच्या आधी त्यात बादलीभर पाणी ओततात ते त्यासाठीच. आमचे फिटर त्याला पाणी पाजणं म्हणतात. जहाजावर आगीच्या वेळी पाणी कोण पाजणार? म्हणून त्या पंपाला एक छोटं प्रायमिंग युनिट जोडलेलं असतं. ते आधी पाइपातली हवा ओढून काढतं आणि मग पाणी मागोमाग वर येतं. आमच्याकडे याची टेस्ट होते. कारखान्याच्या जागी आधी शेत होतं, त्याची विहीर आवारात तशीच आहे. पाणी पंपापासून पाच मीटर खाली, पाइप पूर्ण रिकामा, आणि पंपाने आपलं आपण पाणी वर आणायचं. विहिरीवर टेस्ट घ्यायची कल्पना माझी, आणि मला तिचं कौतुकही फार होतं. बाहेरून सर्व्हेयर, म्हणजे तपासणी अधिकारी, येतो, समोर उभा राहून पाहतो, मग सर्टिफिकेट मिळतं. जहाजावर न चाललेला पंप या टेस्टमध्ये पास झाला होता. दुसरा परवाच पास झाला होता आणि अजून विहिरीवर जोडलेलाच होता.

मी विहिरीवर गेले. मारोतीभाऊ तिथेच कापडाने हात पुसत उभे होते. त्यांना पत्राचं कळलं होतं. चेहरा पडला होता.

“भाऊ, चालू करा बरं एकदा.”

त्यांनी बटण दाबलं. आठ सेकंदात गेजचा काटा वर गेला आणि पाणी धो धो बाहेर पडलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी घड्याळाकडेच पाहत राहिले. पाच मीटर पाइपातली हवा काढायला चांगल्या युनिटलाही अर्धं मिनिट लागतं. परवा सर्व्हेयरसमोर असंच झालं होतं, आणि आम्ही एकमेकांकडे पाहून खुशीत माना डोलावल्या होत्या. इतकं पटकन कसं, हे माझ्यासारख्या जहाजावर राहिलेल्या बाईच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पंप बंद करवला. पाच मिनिटं थांबले. पंपाच्या डोक्यावरचं झाकण उघडून बोट घातलं. आत पाणी काठोकाठ.

“भाऊ, पाइप खालून उघडा आहे ना? मग पाणी खाली का नाही गेलं?”

“फूट व्हॉल्व्ह हाये ना खाली,” ते म्हणाले. “मीच लावला. ड्रॉइंगमंदी नव्हता, म्हटलं लिवणारा इसरला असन. विहिरीत पाइप सोडाचा अन् फूट व्हॉल्व्ह नाई लावाचा, लोकं हसन ना मॅडम.”

फूट व्हॉल्व्ह म्हणजे पाइपाच्या पायथ्याशी असलेली झडप. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. प्रत्येक शेतकऱ्याच्या विहिरीत असते. जहाजावरच्या त्या पाइपाला नव्हती.

“अन् पाइप पह्यल्यांदा भरला कसा?”

“पानी पाजलं ना मी.”

“काऊन?” राग आला की माझ्या ‘का’चं ‘काऊन’ होतं, तोंडून गिरडच बाहेर येतं.

“काऊन म्हंजे? पंपाले पानी पाजल्याबिगर कोनी चालू करते का? सील जळते त्याची.”

“सर्व्हेयर आले त्या दिवशीही पाजलं?”

“ते आले तवा तं दोन्ही वेळा पाजलं, पह्यल्या पंपाले बी अन् याले बी. तुम्ही पाव्हन्याले घेऊन पोहे खायले गेलत्या. म्हटलं, पाव्हन्यासमोर पंपानं हवा धरली तं आपली इज्जत जाईन.”

मी विहिरीच्या कठड्यावर बसले. खरंच होतं. आमच्याकडे पद्धतच आहे. सर्व्हेयर आला की आधी त्याला तर्री पोहे, मग चहा, मग टेस्ट. तो खात असतो तेव्हा खाली माणसं सगळं तयार करून ठेवतात, पाहुण्याला ताटकळत ठेवायचं नाही म्हणून. मीही त्याच्यासोबत बसून पोहे खाल्ले होते. आणि टेस्टच्या फॉर्मवर ‘सक्शन लाइन रिकामी असल्याची खात्री केली’ (म्हणजे पाणी ओढणारा पाइप) या ओळीपुढे बरोबरची खूण आणि खाली सही माझ्या हातची होती. दोन्ही वेळा. मी झाकण उघडून पाहिलं नव्हतं.

“मंग चूक तं माहीच झाली ना,” मारोतीभाऊ म्हणाले. “आना ते पत्र, सही करून देतो. जहाजावर मानसं राह्यते मॅडम. आगीत पानी नाई आलं असतं तं मले पाप लागलं असतं.”

हा माणूस सही करणार होता. केबिनमध्ये बसलेल्याला काही फरक पडत नव्हता, आणि ज्याने समुद्र पाहिला नाही त्याला अनोळखी खलाशांची काळजी लागली होती. मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त संताप आला.

“सही करू नका. आधी मला सांगा, हे युनिट हवा ओढत नाही हे तुम्हाला माहीत होतं का?”

“पह्यल्या दिवसापासून. नवीन दुकानदाराचे आले ना हे, तवापासून. आतलं रबरच टनक हाये. मी शिफ्टच्या रजिस्टरात लिवून देल्लं.”

“मग?”

“सायबाले दाखवलं. सायेब म्हने, तू चालू करून दाखव, बाकी मी पाहून घेतो. तं मी चालू करून दाखवलं.”

मी स्टोअरमधून रजिस्टर मागवलं. पहिल्या टेस्टच्या आधीच्या आठवड्याचं पान. मारोतीभाऊंचं वळणदार अक्षर: ‘प्रायमिंग युनिट हवा ओढत नाही. बदलून पाहिजे.’ खाली भोयर साहेबांची सही. नवीन दुकानदार त्यांनीच आणला, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. आता सांगा, निष्काळजीपणाचं पत्र कोणाच्या नावाने टाइप व्हायला पाहिजे होतं?

दीड वाजता आम्ही चेन पुली लावून विहिरीतला पाइप वर काढला. फूट व्हॉल्व्ह खोलून बाजूला ठेवला. पाइप परत सोडला. मी स्वतः झाकण उघडून आत हात घातला, कोरडा बाहेर काढला, आणि भोयर साहेबांना बोलावणं पाठवलं. ते आले, तोंडात सुपारी.

“भाऊ, चालू करा.”

मारोतीभाऊंचा हात बटणाजवळ जाऊन थांबला. सव्वीस वर्षांत त्यांनी कोरडा पंप सुरू केला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. पंप फिरायला लागला. तीस सेकंद. साठ सेकंद. काटा जागचा हलला नाही. नुसता कोरडा आवाज. दीड मिनिटाने मीच बंद करायला सांगितलं, नाहीतर सील जळलं असतं.

भोयर साहेबांनी गेटकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “मॅडम, तो व्हॉल्व्ह परत लावून घ्या ना. ट्रक गेटवर उभा आहे. सर्टिफिकेट तर झालंच आहे.”

“साहेब, जहाजाला आग लागल्यावर बादली घेऊन कोण जाणार आहे? तुम्ही?”

“आवाज कमी करा. टेस्टच्या फॉर्मवर सही तुमची आहे. फसाल तर तुम्हीच फसाल. मारोतीचं पत्र गेलं तर तुमचंही नाव वाचतं, हे समजून राहा.”

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते इतके बिनधास्त होते. त्यांनी दोन माणसांची बेरीज करून ठेवली होती. एक कधी बोलणार नाही आणि दुसरी स्वतःच्या सहीला घाबरून गप्प बसेल. मी म्हटलं, “तुम्ही मले ओळखलंच नाई साहेब,” आणि ऑफिसात जाऊन जहाजवाल्यांना मेल लिहिला. पाइप रिकामा नव्हता. खात्री केली असं मी लिहिलं, खात्री मी केली नव्हती. प्रायमिंग युनिट सदोष आहे, ते फिटरने आधीच लेखी कळवलं होतं. सोबत रजिस्टरच्या पानाचा फोटो. खाली माझं नाव आणि हुद्दा. मालकांना कॉपी. आणि पाठवायचं बटण दाबलं.

चार वाजता ट्रक रिकामा गेला. तीन आठवड्यांत जुन्या दुकानदाराकडून दोन्ही युनिट आली. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर मी स्वतः गेले आणि पंपाने चौतीस सेकंदात पाणी ओढलेलं पाहिलं. मारोतीभाऊंचं पत्र मी फाडलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, बिनसहीचं. मला लेखी ताकीद मिळाली. ती बरोबर होती. भोयर साहेबांना काय मिळालं? काही नाही. त्याच केबिनमध्ये आहेत, तशीच सुपारी खातात. खरेदीची सही तेवढी आता मालक स्वतः करतात. इतक्यावर समाधान मानायचं असेल तर माना. माझं झालेलं नाही.

मी दोन नियम केले. पोहे टेस्टनंतर. आणि टेस्टच्या दिवशी विहिरीजवळची बादली माझ्या कपाटात, कुलूप लावून. ‘रिकामा आहे’ असं कागदावर लिहायचं असेल तर आधी आत हात घालायचा, एवढंच मी अकरा वर्षं जहाजावर आणि चार वर्षं इथे काढून शिकले.

पुढची टेस्ट दिवाळीच्या आधी झाली. सर्व्हेयर नवीन होता. आला तसा घड्याळात पाहत म्हणाला, करा सुरू. मारोतीभाऊ पुढे झाले, पण बटणाकडे गेलेच नाहीत. त्यांनी झाकण खोललं, बाजूला ठेवलं आणि सर्व्हेयरचा हात धरून पंपाशी नेला.

“घाला सायेब आत,” म्हणाले. “पाह्या कोरडा हाये का. मंगच लिवजा.”