दूध सोसायटीची ऑइल पिणारी जीप

हे सांगायची मला हौस न्हाई. जावयानं एक जुनी, थोराड गाडी घेतलीय. एसयूव्ही म्हणायचं तिला. ती ऑइल पितीय. जावई मोबाइलवर उपाय बघतोय, आन् लेक माझ्यामागं लागलीय, "आबा, तुमच्या त्या जीपचं सांगा की ह्यांना." मी ड्रायव्हर होतो, कीर्तनकार न्हवतो! पण चहाचा कप पुढं ठेवून दार अडवून बसल्यावर करता काय? त्यात आता म्हणतात लिहूनच द्या. चौथीतनं शाळा सोडलेल्या माणसाचं अक्षर हाय, लागेल तसं वाचा.

ड्रायव्हरकीतले किस्से इंजिनातल्या काजळीगत असतात. रोज थोडी थोडी साचती. खरवडायला बसलं की टोपलंभर निघती.

•

सत्तरच्या पुढची सालं. शिरूरकडं आमच्या गावच्या दूध सोसायटीनं सरकारी लिलावातली जुनी जीप घेतली. ड्रायव्हर मी. चेअरमन सर्जेराव आप्पा, बागायतदार, पांढरं धोतर, पांढरी टोपी. मॅनेजर देसाई, पँटीला कडक इस्त्री. ह्या दोघांना घेऊन दौंडला जायचं न् यायचं, एवढंच माझं काम. दूध रेल्वेनं जायचं, त्याची भांडणं करायला हे दोघं जायचे.

पहिले काही महिने जीप गुणाची. मग एकाएकी ऑइल प्यायला लागली. जाताना भरावं, तर येताना ऑइल मोजायच्या पट्टीच्या टोकाला नुसता ओलावा. मागं निळा धूर.

मी आप्पांना सांगितलं, "आप्पा, इंजिन ऑइल पितंय."

आप्पा म्हणाले, "इंजिन पेट्रोल पितं. ऑइल माणसं पितात."

झालं! निकाल लागला. मी ऑइल विकतो. आमची वस्ती गावाबाहेर, विहारापाशी. गावात काही हरवलं की लोक आधी आमच्याच वस्तीकडं बघायचे, पुराव्याची गरज पडायची न्हाई. बायको पाण्याला गेली की बाया म्हणायच्या, "तुमच्या घरी दिव्यात काय जळतं गं, मोबिल ऑइल?"

आप्पांनी बजावलं, "सोसायटीच्या सभेच्या आत ऑइल थांबलं पाहिजे. न्हाई तर चावी टेबलावर ठेवायची."

आता चोरी करणाऱ्याला थांबता येतं. न करणाऱ्यानं कसं थांबायचं? पण हे विचारायची सोय न्हवती.

•

पहिला इलाज शिरूरच्या हसनभाई मिस्त्रीचा. तो म्हणाला, "आधी बघू गळतंय का. खाली कागद अंथर, गाडी उभी कर, सकाळी डाग बघू."

मी सोसायटीतला एक जुना पेपर उचलला न् अंथरला. सकाळी मॅनेजर न् आप्पा दोघंही डाग बघायला हजर. मी कागद ओढला. त्या पेपरात आप्पांचाच फोटो छापलेला, कसल्याशा उद्घाटनाचा. आन् ऑइलचा थेंब बरोबर नाकावर!

आप्पा लालबुंद. "माझ्या तोंडावर?"

हसनभाई गुडघ्यावर बसून कागद निरखत म्हणाला, "आप्पा, रागावू नका. तुमच्यामुळं तर कळलं. टोपीपाशी कोरडं हाय, नाकापाशी ओलं. म्हंजी गळती इंजिनाच्या मागच्या सीलला."

मागचं सील बदललं. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी नवं सीलही गळायला लागलं. आप्पा म्हणाले, "बघा, सील बदललं, चोर तोच हाय."

•

मग मॅनेजरसाहेबांनी कारभार हातात घेतला. "आजपासून ऑइल मी स्वतः चेक करणार. सायंटिफिक पद्धतीनं!"

दौंडच्या वाटेवर धाब्यावर चहाला थांबलो. जीपचं एक चाक खड्ड्यात, गाडी कलंडलेली. साहेबांनी इंजिन चालू असतानाच पट्टी उपसली. "शून्य! अरे, शिरूरपासून इथपर्यंत अख्खं ऑइल?"

मी म्हणालो, "साहेब, गाडी सपाटीला घेऊ, इंजिन बंद करू, ऑइल खाली उतरू द्या, मग बघा."

"मला शिकवू नकोस."

डबा ओतला. पुन्हा पट्टी. पुन्हा ओतला. मी खांबाला टेकून चहा पीत बसलो. सायन्समध्ये आपण कशाला पडा!

धाब्यावरनं निघालो तर मागं असा धूर की रस्ता दिसंना. मागनं येणारा एसटीचा ड्रायव्हर बाजूला येऊन ओरडला, "कुठल्या गावाला मच्छर मारायला चाललाय?"

पलीकडं सपाटीवर थांबून मी पट्टी दाखवली. ऑइल खुणेच्या चार बोटं वर. जादा ऑइल मीच काढलं. साहेब म्हणाले, "हे आप्पांना सांगायची गरज नाही."

मी न्हाई सांगितलं. त्यांनी मात्र सांगितलं, की ड्रायव्हर रस्त्यात इंजिनातनं ऑइल काढताना मी डोळ्यानं बघितला!

•

तिसरा इलाज आप्पांच्या व्याह्यांचा, वरवंडचे. त्यांच्याकडं ट्रॅक्टर होता, म्हणून ते इंजिनातले जाणकार. म्हणाले, "पातळ ऑइल घालता म्हणून उडतं. घट्ट घाला. काकवीगत पाहिजे."

घातलं घट्ट. ते ऑइल डब्यातनं बाहेर यायलाच राजी न्हवतं, काठीनं खरवडावं लागलं. दुसऱ्या दिवशी थंडीत जीप काही केल्या फिरंना. इंजिन असं जाम जसं खरोखर काकवीत बसवलंय. त्या दिवशी दौंडला सगळ्या संचालकांची मीटिंग. मग काय, सगळे संचालक उतरले, धोतरं खोचली न् धक्का मारायला लागले. आप्पा पुढं, व्याही मागं.

पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "बघून घ्या रं, संचालक मंडळ आज पहिल्यांदाच एका दिशेनं चाललंय."

जीप चालू झाली, धुराचा लोट सोडला, आन् पांढऱ्या धोतरांचं निळं धोतर झालं. त्याचाही दोष माझाच. मी मुद्दाम धूर सोडला म्हणे!

•

सभा चार दिवसांवर आली. मी घरी सांगून टाकलं होतं, आता ऊसतोडीला जावं लागेल. बायको म्हणाली, "तोडीला जाऊ. पण चोर म्हणवून न्हाई जायचं."

म्हणून दौंडला सायमन मिस्त्रीकडं गेलो. रेल्वेच्या लोको शेडमधनं रिटायर झालेला, रेल्वे कॉलनीच्या मागं छपरात बसायचा. मराठी बोलायचा, पण चिडला की हिंदी. मॅनेजर बरोबर होतेच, माझ्यावर नजर ठेवायला.

सायमननं प्लग काढून इंजिनाचा दाब तपासला. "रिंगा चांगल्या आहेत. पिस्टन अजून जवान आहे." मग इंजिन चालू ठेवलं न् म्हणाला, "ऑइल भरायचं झाकण उघडा कुणीतरी."

साहेब पुढं सरसावले. सायंटिफिक! झाकण ढिलं केलं तसं ते टणकन उडालं न् ऑइलची चूळ सरळ साहेबांच्या तोंडावर. कडक इस्त्रीसकट!

सायमन हसला न्हाई. तो म्हणाला, "पोटात गॅस झालाय. बाहेर पडायला जागा नाही, म्हणून हा ऑइल घेऊन मिळेल तिथून पडतोय. सीलमधून, व्हॉल्व्हमधून. नवं सील टाकलं तरी तेच."

मग जीपखाली शिरला. इंजिनातली हवा सोडायला एक नळी खाली उघडी सोडलेली असते. तिच्यात बोटं घातली, पक्कड लावली, ओढलं. हातात मक्याच्या कणसाचं बुरकुंड! आपण रॉकेलच्या बाटलीला बूच लावतो ना, तेच. ऑइल पिऊन काळंभोर झालेलं.

सायमननं ते उजेडात धरलं न् चिडला. "ये कौनसी कंपनी का पार्ट है?"

नळी साफ केली, सील पुन्हा बदललं, नेहमीचं ऑइल घातलं. येताना शिरूरला उतरून पट्टी बघितली. जिथल्या तिथं! साहेब तोंड पुसत होते.

•

मी बुरकुंड घेऊन थेट आप्पांच्या घरी गेलो. आप्पांनी ते बघितलं, वास घेतला न् म्हणाले, "अरे, हे मीच ठोकलं होतं. खाली वाकलो तर नळीचं तोंड उघडं. धूळ जाईल म्हणून बसवलं. तुम्हा लोकांना उघडं काय, झाकलेलं काय, कशाची फिकीर न्हाई."

मी म्हणालो, "मग आता सभेत सांगा, आप्पा."

"सांगतो की."

मधल्या दिवसांत दोन गोष्टी झाल्या. जीपनं ऑइल प्यायचं सोडलं. आन् ऑइलचे डबे ठेवायच्या खोलीला आप्पांनी भलंमोठं कुलूप लावलं.

सभेला सगळं गाव. आमच्या वस्तीतलीही माणसं मागं उभी, माझी बायको दारापाशी. एकानं उठून विचारलं, "आप्पा, जीपच्या ऑइलचं काय झालं?"

आप्पा उठले. टोपी सारखी केली. "ऑइल आता अजिबात लागत न्हाई. आम्ही खोलीला कुलूप लावलं, त्या दिवसापासनं बंद!"

टाळ्या!

आप्पांनी हात वर केला. "झालं गेलं. ड्रायव्हर गरीब माणूस हाय, बायकापोरं हायेत. संस्थेनं मोठ्या मनानं त्याला माफ केलंय. चावी त्याच्याकडंच राहील."

परत टाळ्या. मागनं कुणीतरी म्हणालं, "आप्पा म्हंजी देवमाणूस!" मी दाराकडं बघितलं. बायको निघून गेली होती.

मी उठलो. खिशातनं बुरकुंड काढलं न् आप्पांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मॅनेजर खाली बघायला लागले.

आप्पांनी बुरकुंडाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. टेबलावर दुधाच्या सॅम्पलची बाटली उघडी होती. आप्पांनी ते काळं बुरकुंड उचललं, बाटलीच्या तोंडात नीट दाबून बसवलं न् म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

आप्पा आजही पारावर माझ्या शेजारीच बसतो. बुरकुंडाचं नाव काढलं की ऐकू येत न्हाई म्हणतो. माफी मला मिळाली. मागायची राहिलीय ती सर्जेराव आप्पानं.