ट्रॉलीच्या बोल्टाला नेलपॉलिश

निफाडजवळच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी सुपरवायझर होते. भरलेल्या पेट्यांची थप्पी शीतगृहात न्यायला आमच्याकडे हाताने ओढायची पॅलेट ट्रॉली होती, आणि शीतगृहाकडेही तशीच एक. ऐन हंगामात आमच्या ट्रॉलीच्या हँडलचा एक बोल्ट नाहीसा झाला. ओढायला गेलं की हँडल एका बाजूला मान टाकायचं.

गावातल्या दुकानातला बोल्ट बसेना. त्याचे आटे जाड, आमचे बारीक. मॅनेजर म्हणाले, "हंगाम उरकू द्या, मग बघू." शेवटी मीच स्कूटर काढून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतून एक आणला. दुसऱ्या दिवशी तोही गेला.

कुठे गेला, ते सगळ्यांना ठाऊक होतं. शीतगृह सांभाळणाऱ्या मामांची डुगडुगणारी ट्रॉली एकाएकी ताठ चालायला लागली होती. मी विचारलं तर म्हणाले, "ताई, बोल्टावर काय तुमचं नाव हाय का?"

मी पुन्हा अंबडला गेले. या वेळी पॅकिंग लाइनवरच्या आक्कांनी पिशवीतली नेलपॉलिश काढून नव्या बोल्टाचं डोकं फिकट गुलाबी रंगवलं. "आता न्या म्हणावं!"

मामांनी तोही नेला. आम्ही दोघी तरातरा शीतगृहात गेलो आणि दारातच थबकलो. मामांच्या ट्रॉलीचा एकूण एक बोल्ट गुलाबी होता.

"यातला तुमचा कोणता?" मामांनी अगदी भोळेपणानं विचारलं.

आक्का वाकल्या. एकेक बोल्ट नखानं खरवडत गेल्या. एका बोल्टावर भडक रंगाखाली फिकट रंग निघाला. "हा बघा आमचा! वरची शेड कुणाची, मामा?"

मामा खाली बघत पुटपुटले, "सूनबाईची. बाटली रिकामी झाली म्हणून घरी लय बोलणी बसली."

हसून आमचं पोट दुखायला लागलं, तेवढ्यात मॅनेजर माल तपासायला आलेल्या पाहुण्यांना घेऊन आत शिरले. पाहुण्यांची नजर थेट बोल्टांवर. "अरे वा, खुणेचा रंग लावता? बोल्ट ढिला झाला की रंग तडकतो, लगेच कळतं."

"आमची पद्धतच आहे तशी," मॅनेजर छाती काढून म्हणाले.

एवढी आयती संधी मी कशी सोडणार? "आणि सर, दोन्ही ट्रॉल्यांचे नवे बोल्ट आजच मागवताय ना?"

मॅनेजरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाईघाईनं पेट्या मोजायला लागले. पण पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? "हो, हो. आजच."

संध्याकाळच्या आत बोल्टांचे दोन पूर्ण संच आले. मामांनी आधी आमची ट्रॉली घेतली, पाना लावून एकेक बोल्ट आवळला, हँडल हलवून पाहिलं आणि आक्कांना म्हणाले, "रंग तुमच्या हातानं लावा. माझ्याच्यानं लय जाड बसतो."