फाटकाचं हँडल आणि मी

मी आमच्या ताईला तिच्या साखरपुड्याच्या दिवशी रेल्वे फाटकात कोंडलं.

मोहोळच्या पुढं वारसा म्हणून जपलेली छोटी लाइन आहे. तिचं फाटक आजही हातानं फिरवतात. (होय, आजही! यावर माझं पत्रक आहे: ‘यंत्र कुठाय? जबाब द्या!’) मंगल कार्यालयाकडं निघालेली आमची जीप फाटकाशी आली आणि मी पत्रक घेऊन उतरलो.

“मावशी, तुमचं शोषण चाललंय!” गेटवाल्या महानंदाबाईंना मी ठणकावलं.

“व्हय? बरं. सरका, फोन वाजतुय.” फोन कानाला लावून मला म्हणाल्या, “गाडी सुटायचीय. फाटक लावायचं हाय.”

“नुसतं हँडल तर फिरवायचं!” असं म्हणून मी ते गरागरा फिरवलं. दोन्हीकडचे दांडे धाडकन खाली! वळून बघतो, तर जीप रुळांवर. मला घ्यायला जीप चालवणारे आमचे अण्णा पुढं येऊन तिथंच थांबले होते.

“आरं माकडा, आमी आत हाय की!” अण्णा ओरडले.

“पेढं तरी भाईर काढा!” आत्या किंचाळली.

हँडल उलटं फिरेना. जोर लावला, तर मीच फिरलो. तेवढ्यात स्टेशनातून शिट्टी! सगळी चळवळ विसरून मी बाईंकडं पळालो.

“मावशी, गाडी! आमची ताई!”

बाई फोनवरच होत्या. “साहेब, आकडा देत न्हाय. रुळावर जीप हाय.” मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, “फाटकाला कुलूप घालून मी स्टेशनला खुणेचा आकडा सांगते, मगच गाडी सुटते. शिट्टी वाजवू दे की, लई वाजवती ती!”

त्यांनी एक खटका दाबला, हँडल फिरवलं. दांडे वर, जीप पार.

मी थक्क! इंजिन, डबे, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, सगळे या एका बाईच्या तोंडून आकडा येण्याची वाट बघत उभे! मी शंभर माणसं घेऊन रस्त्यावर बसलो होतो, तेव्हा एक सायकल थांबली नव्हती!

मग फाटक लागलं, कुलूप लागलं, आकडा गेला आणि गाडी आली. हिरवी झेंडी धरून बाई ताठ उभ्या. कुणी न सांगता मीही ताठ उभा.

पाहुणे कार्यालयात उशिरा पोचले. हौस म्हणून त्याच गाडीनं आले होते! ताईचे होणारे सासरे घाम पुसत मला म्हणाले, “फाटकावर कुण्या येड्यानं हँडल धरलं म्हणं. तुमी चळवळीतले, याचा निषेध करा की!”

“जाहीर निषेध!” मी मूठ वर करून ओरडलो. माझ्या घोषणेला अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या.